घिवलीच्या लग्नाची कॅसेट

माकुणसारच्या विजयाच्या घरात एक विषय एकतीस वर्षं कोणी काढत नसे. तो म्हणजे तिच्या लग्नाची कॅसेट.

लग्न झालं होतं घिवलीला, तिच्या माहेरी, त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात. त्याआधी त्यांच्या आळीत कोणाच्या लग्नात व्हिडिओ असा आलाच नव्हता. फोटोवाला यायचा, छत्तीस फोटोंचा रोल आणायचा आणि त्यातले तीस नीट आले की घरचे धन्य व्हायचे. पण विजयाच्या सासऱ्यांनी, तात्यांनी, साखरपुड्यातच मिशीवर हात फिरवून सांगितलं होतं, "आमच्याकडनं व्हिडिओ येणार." आणि आला की. बोईसरच्या एका स्टुडिओत कामाला असलेला शैलेश खांद्यावर भला थोरला कॅमेरा घेऊन वऱ्हाडाच्या टेम्पोतून उतरला, तेव्हा लोकांनी नवरदेवाच्या आधी त्याला बघून घेतलं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर हॅलोजनचा दिवा होता. त्याचा उजेड ज्याच्या तोंडावर पडे, तो माणूस हातातलं काम टाकून हसरा होई.

कॅसेट मात्र आली नाही. आधी कळलं की ती मिक्सिंगला मुंबईला गेलीय. मग पावसाळा लागला. दिवाळीला तात्या म्हणाले, "त्या शैलेशच्या मशीनमध्ये अडकून फीत तुटली. नशीब आपलं." घरापुरता विषय मिटला. घिवलीत विजयाची आई मात्र, लेक माहेरी आली की पाण्याचा तांब्या हातात देता देता विचारायची, "कॅसेट आली का गो?" शेजारच्यांचा व्हीसीआर अंगणात मांडून सगळ्या आळीला लग्न दाखवायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तीन वर्षांनी आई गेली. मागे तिचे दोन फोटो राहिले. दोन्हींत ती काठीसारखी ताठ उभी होती आणि एकात तर डोळे मिटलेले. विजयाला राहून राहून वाटायचं, त्या कॅसेटमध्ये आई चालत असेल, कोणाला तरी ओरडत असेल, पदर खोचत असेल. नुसती चालताना दिसली असती तरी पुरलं असतं.

विजया स्वतः व्हिडिओ करायला शिकली ती काही हौसेनं नव्हे. मुलगी उत्कर्षा लग्न होऊन नाशिकला गेली आणि फोनवर विचारू लागली, "आई, कंदभाज्यांची उकडहंडी कशी लावतात?" विजया इकडून सांगे, ती तिकडे भलतंच करून बसे. शेवटी उत्कर्षा वैतागून म्हणाली, "सांगू नकोस, करून दाखव." विजयानं तांदळाच्या डब्याला फोन टेकवला आणि पहिला व्हिडिओ काढला. त्यात अठरा मिनिटं तिचं कोपर दिसत होतं. दुसऱ्यात कोपर गेलं, पण हंडीही गेली. मग सून रूपलनं तिला नको तो भाग कापायला शिकवलं, आणि तिथं विजयाला खरी गोडी लागली. बोललेलं चुकलं तर कापून टाकता येतं, ही सोय तिला एवढ्या वर्षांच्या संसारात कधी मिळाली नव्हती.

तशी ती एकटीच नव्हती. वाडीत कामाला येणारा बुधा पानवेलीवर डाग दिसला की पान उलटंसुलटं करून व्हिडिओ काढी आणि सफाळ्याच्या औषधवाल्याला पाठवी. औषधवालाही व्हिडिओनंच उत्तर देई, वर बुधाला म्हणे, "जरा जवळनं काढ, हात हलवू नको." शेजारची शिवणकाम करणारी बाई गळ्यांचे नमुने तसेच दाखवी. लग्नाकार्यांत तर विचारायलाच नको. अक्षतांना रिकामा हात सापडायचा नाही.

गेल्या डिसेंबरात केळव्याला असंच एक लग्न होतं. पंगतीत विजयाच्या समोर चौघीजणी बसल्या होत्या आणि चौघी आपापल्या ताटाचा व्हिडिओ काढत होत्या. विजया त्यांच्याकडे बघत राहिली. वांग्याच्या भाजीचे चार व्हिडिओ, आणि आपल्या लग्नाची वीतभर फीत नाही! येताना रिक्षात तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, "अहो, आपल्या लग्नाची फिल्म करायची."

"आता?" शांतारामनं विचारलं. "वरात काढायची का परत? मुंडावळ्या बांधायच्या तर खाली सरकू नयेत म्हणून डोक्यावर केस लागतात."

"तुमी नुसते बोला. जे जे लग्नात होते ते सगळे बोलतील. जिथं जे झालं तिथं उभं राहून सांगतील. मी जोडीन."

"झालं ते झालं. कशाला उकरायचं?" शांताराम म्हणाला आणि रस्त्याकडे बघू लागला. पण रविवारी सकाळी विजया फोन, वरची बॅटरी आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून निघाली, तेव्हा उन्हात फोनवर छत्री धरायला तोच बरोबर गेला.

घिवलीला विजयाचा भाऊ विनोद राहतो. त्याच्याच अंगणात तेव्हा मांडव पडला होता. विजयानं आधी कोंबड्या हाकलल्या, पाण्याचा पंप बंद करायला लावला, आणि ऊन तोंडावर येईल अशा बेतानं खुर्ची मांडली. मग एकेकाला बसवलं. गंमत अशी की लग्न कोणाला धड आठवत नव्हतं. बुंदी होती की जिलेबी यावरून विनोद आणि त्याच्या बायकोचं वाजलं. मुहूर्त सकाळचा होता असं एकजण म्हणाला, दुसरा म्हणाला संध्याकाळचा. पण कॅमेरा! कॅमेरा कुठं उभा होता, हे प्रत्येकाला कालच्यासारखं आठवत होतं. चिंतूमामा पहिल्या पंगतीला जेवले होते, तरी दिवा दुसऱ्या पंगतीवर आला तसे परत पाटावर जाऊन बसले. "दुसऱ्यांदा जेवलो गो," ते सांगत होते, "पण हात कसा हळू चालवला! नाय तर कॅसेटीत खादाड दिसायचो."

ज्ञानेश्वरीकाकू म्हणजे विजयाची चुलती, वय शहात्तर. ती म्हणाली, "मी चार साड्या बदलल्या. सकाळी एक, हळदीला एक, लग्नाला एक, आणि एक पाठवणीला. रडायला वेगळी पायजे ना!"

"आणि आई, काकू? आई कुठं होती?"

"तुझी आई? ती चुलीपासनं हलेना. दिवा दिसला का आत पळे. शेवटाला मीच ओढून आणली."

"कशी आली?"

काकू बसल्या जागेवरून सांगणार होती, पण सांगता सांगता तिलाच राहवेना. ती उठली, पदर खोचला आणि मागच्या दाराकडे गेली. तिथून आली ती काकू नव्हतीच. उजवा गुडघा जरा आखडलेला, दोन्ही हात कमरेवर साडीला पुसत, मान मागे वळवून आतल्यांना ओरडत, "भाताकडं बघा गो, भाताकडं!" अशी अर्ध्या अंगणापर्यंत आली आणि खांब रोवावा तशी थांबली. "उभी रायली नि विचारते, 'झालं काय?' तो शैलेश बोलला, 'मावशी, उभ्या नका राहू, चाला.' मग चालली बघ, इथनं तिथपर." आणि काकू तशीच, गुडघा आखडत, तुळशीपर्यंत चालत गेली.

काकू तुळशीशी पोचेपर्यंत विजयानं फोन खाली घेतला नाही. शांतारामची छत्री कधीच बाजूला झाली होती.

परतीच्या एसटीत तिनं तेवढाच तुकडा उत्कर्षाला पाठवला. खाली लिहिलं, तुझी आजी. उत्कर्षानं आजीला कधी पाहिलंच नव्हतं. पाच मिनिटांत उत्तर आलं : "आई, अगं ही तर तू. वाडीतून घरी येताना तू हुबेहूब अशीच येतेस." विजयानं खिडकीकडे तोंड करून नाक पुसलं. शांतारामनं विचारलं तर म्हणाली, धूळ फार आहे.

घरी येऊन बघते तो चित्र झकास, पण आवाज सगळा समुद्रावरच्या वाऱ्यानं खाल्लेला. चिंतूमामा तोंड हलवताहेत आणि ऐकू येतंय नुसतं फुर्र फुर्र. विनोदला फोन केला तर तो म्हणाला, "कॉलरला लावायचा माइक घे ना. बोईसरला शैलेशकडं मिळेल. अगं तोच, तुझ्या लग्नातला. मोबाइलचं दुकान हाय त्याचं, स्टेशनजवळ."

हे विजयाला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला न सांगता ती मंगळवारी बोईसरला गेली.

दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट होती. मोबाइलची कव्हरं, चार्जर, गोल दिवे, तीन पायांचे स्टँड असं सगळं छतापर्यंत लटकलेलं. तारापूरच्या कारखान्यांतले दोन कामगार एक स्टँड हातात घेऊन हिंदीत भाव करत होते. गावी घरच्यांना नवी खोली दाखवायची होती त्यांना. ते गेल्यावर विजयानं माइक मागितला. पन्नाशीचा, चष्मा लावलेला शैलेश समजावून सांगू लागला, कुठं अडकवायचा, वारा असेल तर काय करायचं. सांगून झाल्यावर त्यानं सहज विचारलं, "कशासाठी पायजे, ताई? रेसिपी?"

"लग्नाची फिल्म करते. माझ्याच. घिवलीचं लग्न, त्र्याण्णव साल. वर माकुणसारचा."

शैलेशनं माइक काउंटरवर ठेवला.

"वहिनी," तो म्हणाला आणि बसायला स्टूल पुढं सरकवलं.

विजयानं त्याच्याच दुकानातल्या स्टँडवर फोन लावला. "तू पण बोल ना. तू तर सगळं बघितलंस. फीत तुटली त्यात तुझा काय दोष?"

"आधी ते बंद करा."

तिनं बंद केलं. शैलेशनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"फीत तुटली नाय, वहिनी. फीत नव्हतीच. कॅमेऱ्यात कॅसेट घातलीच नव्हती."

विजयाला आधी कळलंच नाही. तो सांगत गेला. तात्या स्टुडिओत आले होते. साखरपुड्यात शब्द देऊन बसले होते आणि इथं भाव ऐकून त्यांचा चेहरा उतरला. कॅमेरा दिवसाच्या भाड्यानं मिळत होता. कॅसेट, मुंबईचं मिक्सिंग, ते सगळं वेगळं. तात्यांनी जरा विचार केला आणि शैलेशला बाजूला घेऊन म्हणाले, "कॅसेट ऱ्हाऊ दे. दिवा मोठा आण."

"मी दिवसभर रिकामा कॅमेरा फिरवला, वहिनी. लोक किती हौसेनं पुढं येत होते! तुमच्या आईला मी चालायला लावलं. त्या चालल्या, आणि मी..." त्यानं माइक डब्यात घातला. "त्यानंतर माकुणसारचं कोणी रस्त्यात दिसलं का मी पलीकडं व्हायचो. शांतारामदादांना ठाऊक हाय. तात्यांनी मरायच्या आधी सांगितलं त्यांना. ते मला एकदा भेटूनही गेले."

विजयानं माइकचे पैसे दिले, तो नको म्हणत होता तरी दिले. दारात थांबून ती म्हणाली, "ह्या रविवारी नाय, पुढच्या रविवारी फिल्म दाखवणार हाय घरी. दुपारी. तू यायचंस."

दोन दिवस ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. चहा ठेवलाय. बुधा आलाय. आणि उरलेला वेळ ओटीवर बसून फोनवर बोट फिरवत तुकडे जोडत राहिली. तिसऱ्या दिवशी शांतारामला तिच्या पिशवीत नवा माइक दिसला आणि तो येऊन समोर बसला.

"शैलेशकडं गेली होतीस."

"चौदा वर्षं झाली तात्यांना जाऊन," ती म्हणाली. "चौदा वर्षं तुमी गप्प?"

"तू त्यांना एवढं मानायचीस. शेवटच्या दिवसांत तूच भरवलंस त्यांना. म्हटलं, तुझ्या नजरेतनं उतरतील."

"उतरले असते. चार दिवस बोलले नसते त्यांच्या फोटोशी. मग परत चढवले असते. माझे पण तात्याच होते ना ते?" तिचा आवाज चढला, मग खाली आला. "मी आईला सांगत रायले, येईल, येईल. तिला तरी सांगायला पायजे होतं त्यांनी."

तिनं फोन परत हातात घेतला. मग विचारलं, "शैलेशनं नंतर स्वतःहून फोनवर सगळं बोलून पाठवलंय. ठेवू का कापू?"

"काप," शांताराम म्हणाला. "माणूस गेला. सगळ्या घिवलीसमोर कशाला?"

तिनं कापलं. कापताना बोट जरा रेंगाळलं, पण कापलं.

त्या रविवारी दुपारी घिवलीहून एक गाडी भरून माणसं आली. ओटीवरच्या खिडक्यांना रूपलनं चादरी लावल्या आणि फोन टीव्हीला जोडला. शैलेश आला तो दाराजवळच बसला. मधल्या रविवारी घिवलीला जाऊन विजयानं माइक लावून सगळ्यांचं बोलणं परत घेतलं होतं; फिल्म बावीस मिनिटांची झाली होती. चिंतूमामांच्या दुसऱ्या जेवणाला हशा पिकला. बुंदी की जिलेबी, यावर परत वाद झाला. आणि काकू तुळशीकडे चालत गेली तेव्हा वाद तिथंच थांबला. आईला ओळखणारे तिथं आठदहा जण होते. एकानं नुसतं "हां" म्हटलं.

दिवे लागले. पोहे फिरू लागले. आणि काकूची नजर शैलेशवर गेली.

"हाच ना रे तो? ह्यानं घालवली कॅसेट! एवढी आमी नटलो-थटलो, आणि ह्याला एक फीत सांभाळता आली नाय. मेल्या, ती असती तर ह्या विजूच्या आईला खरं बघितलं असतं आज!"

शैलेश मान खाली घालून पोहे खात राहिला. शांतारामनं ते पाहिलं. त्याची बशी हातातच राहिली, मग त्यानं ती खाली ठेवली आणि उभा राहिला.

"काकू, त्याला बोलू नका. कॅसेट नव्हतीच." आणि एकदा सुरुवात केल्यावर तो थांबला नाही. साखरपुडा, भाव, तात्या, दिवा, सगळं सांगून टाकलं. मध्ये अडखळला, घाम पुसला. शेवटी म्हणाला, "तात्यांनी अब्रूपायी केलं. चूक झाली. आमी सगळ्यांनी शैलेशवर ढकलली, ती त्याहून मोठी."

विनोदनं घसा खाकरला. मुलीकडचा माणूस तो, आता हा काय बोलतो म्हणून सगळ्यांचं लक्ष.

"म्हणजे," विनोद सावकाश म्हणाला, "आमी ह्या शैलेशला जावयाच्या शेजारी पाट मांडला होता, आणि कॅमेरा रिकामा?"

"रिकामा," शैलेश म्हणाला.

"आणि मी दोनदा जेवलो?" चिंतूमामा.

"आणि माझ्या चार साड्या?" काकू ओरडली. "ती पाठवणीची टोचत होती रे, तरी नेसले! आणि तो तात्या, काय उभा होता कॅमेऱ्याशेजारी! सगळ्यांना सांगत होता, जरा पुढं या, नीट येत नाय!" आणि काकूला हसू फुटलं ते असं की पोहे नाकात गेले, रूपलला पाठ चोळावी लागली. मग कोणालाच आवरेना. तात्यांचा फोटो भिंतीवरून गंभीर चेहऱ्यानं बघत होता, त्याच्याकडे बघून लोक आणखी हसत होते. विजयाही हसली. हसता हसता तिला वाटलं, तात्या इथं असते तर आधी लाजले असते आणि मग सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले असते.

काकूनं डोळे पुसले आणि शैलेशला फर्मावलं, "ऊठ. आता काढ. खराखुरा."

शैलेशनं लग्नाची कामं सोडून पंधरा वर्षं झाली होती. त्यानं विजयाकडे बघितलं. विजयानं आपला फोन त्याच्या हातात दिला. तो उठला, कोपरं अंगाशी घेतली, जुन्या सवयीनं एक डोळा मिटला आणि माणसांमधून फिरू लागला. पण कोणी सावरून बसेना, कोणी पदर नीट करेना. फोन समोर आला म्हणून घास थांबवायचे दिवस गेले होते. चिंतूमामांनी तर त्यालाच लिंबाची फोड आणायला सांगितली. एकटी काकू तेवढी कपाटाच्या आरशात डोकावून आली.

"उजेडाकडनं ये रे," विजया त्याला म्हणाली. "तुझी सावली पडते त्यांच्या तोंडावर."

"हो वहिनी," शैलेश म्हणाला आणि खिडकीवरची चादर बाजूला करायला गेला.

रूपलनं शांतारामचं बोलणं आपल्या फोनवर घेऊन ठेवलं होतं, हे विजयाला दुसऱ्या दिवशी कळलं. तिनं नवऱ्याला विचारलं, ठेवू का? तो केळीचा घड उतरवत होता. वरूनच म्हणाला, "ठेव. पण घाम पुसतो तेवढं काप."

"ते नाय कापणार," विजया म्हणाली आणि फोन घेऊन सावलीत जाऊन बसली.